थांबलेल्या काळाचा खंड : 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' आणि अपेक्षाभंगाचा इतिहास

रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन कादंबरीकाराच्या 'द व्हील ऑफ टाइम' या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा दहावा खंड 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' ७ जानेवारी २००३ रोजी प्रसिद्ध झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या यादीत त्याने पहिले स्थान मिळवले. मात्र ज्या वाचकांनी त्याला या स्थानावर नेले त्याच वाचकांनी तो वाचून संपवल्यावर नाकारला. आधीचे नऊ खंड पुनःपुन्हा वाचलेल्या, पात्रांच्या वंशावळी तोंडपाठ असलेल्या, कथानकातील लहानसहान धाग्यांवर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या वाचकांनी हा नकार दिला होता. या प्रकारच्या वाङ्मयाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या समीक्षकाच्या नकारापेक्षा तो अर्थातच वेगळ्या जातीचा होता.

या अपयशाचे जे स्पष्टीकरण त्या वेळी सर्वत्र ऐकू आले ते सोपे होते : लेखकाने आणि प्रकाशकाने पैशासाठी कथा ताणली. असे स्पष्टीकरण सोयीचे असते, कारण त्यानंतर संहिता वाचण्याची गरज उरत नाही. परंतु केवळ ताणणे हेच कारण असते तर सहावा खंडही नाकारला जायला हवा होता. तो दहाव्यापेक्षा मोठा आहे आणि त्यातही संथपणे सरकणारी शेकडो पृष्ठे आहेत. वाचकांनी तो आनंदाने स्वीकारला. तेव्हा दहाव्या खंडात नेमके काय बिघडले, आणि ते २००३ मध्येच का बिघडलेले दिसले, हा प्रश्न उरतोच. तो केवळ रसग्रहणाचा प्रश्न नाही. तो इतिहासाचाही आहे.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना मराठी समीक्षेला अपरिचित नाही. साहित्यकृती एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट अपेक्षा बाळगणाऱ्या वाचकवर्गासमोर येते आणि तिचा अर्थ त्या अपेक्षांशी होणाऱ्या तिच्या व्यवहारातून घडतो, हे तिचे सार. याउस यांच्या विवेचनात अपेक्षाभंग ही बहुधा चांगली गोष्ट असते. थोर कृती क्षितिज मोडते, विस्तारते. अपेक्षाभंगाची दुसरी एक, निव्वळ निराशेची जात असते आणि तिलाही इतिहास असतो, याकडे स्वीकारमीमांसेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. मालिकारूपाने येणाऱ्या वाङ्मयात तर या दुसऱ्या जातीचा विचार टाळताच येत नाही, कारण तेथे अपेक्षा निर्माण करणारी आणि ती मोडणारी संहिता एकाच लेखकाची असते.

आधुनिक अद्भुतरम्य महाकथेचा जो घाट आज रूढ आहे त्याच्या मुळाशी एक योगायोग आहे. जे. आर. आर. टोल्कीन यांचे 'द हॉबिट' १९३७ मध्ये निघाले, चालले, आणि प्रकाशकांनी पुढचा भाग मागितला. म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा आरंभच मुळी मागणीवरून लिहिलेल्या उत्तरभागाचा आहे. हा उत्तरभाग पूर्ण होऊन छापून यायला सतरा वर्षे गेली आणि तोवर तो मूळ पुस्तकाच्या प्रकृतीपासून इतका दूर गेला होता की त्याला उत्तरभाग म्हणणे अवघड व्हावे. टोल्कीन यांच्या लेखी तो एकच ग्रंथ होता. महायुद्धोत्तर इंग्लंडमधील कागदाच्या किमती आणि एवढ्या मोठ्या पुस्तकातील जोखीम यांमुळे प्रकाशकांनी त्याचे तीन खंड केले आणि ते जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात काढले. आपली कृती ही त्रिखंडी मालिका नव्हे, असे टोल्कीन आग्रहाने सांगत राहिले. कोणी फारसे ऐकले नाही.

दुसरा खंड संपतो तेव्हा नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला असतो. तो जिवंत आहे, पण कैदेत आहे. पहिल्या वाचकांना या वाक्यावर सुमारे अकरा महिने थांबावे लागले, कारण तिसऱ्या खंडाला जोडायच्या परिशिष्टांचे काम लांबत गेले. प्रतीक्षेचा हा काळ लेखकाच्या रचनेत नव्हता. तो कागदाच्या बाजारभावाने आणि छपाईच्या वेळापत्रकाने निर्माण केला होता. परंतु पुढच्या पिढीच्या लेखक-प्रकाशकांनी टोल्कीनकडून जे घेतले त्यात पऱ्या, खुजे आणि काळा सम्राट यांच्याबरोबर ही प्रतीक्षाही होती. १९७७ साली टेरी ब्रुक्स यांचे 'द सोर्ड ऑफ शनारा' आणि स्टीव्हन डोनाल्डसन यांच्या त्रिखंडी मालेचा आरंभ एकाच वर्षी झाला, आणि तेव्हापासून अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे खंडाखंडाने येणारी कादंबरी हे समीकरण पक्के झाले. एका अडचणीतून निघालेला मार्ग अशा रीतीने वाङ्मयप्रकाराचे लक्षण होऊन बसला.

जॉर्डन यांची माला या समीकरणाच्या अखेरच्या टोकाला उभी आहे. जॉर्डन हे टोपणनाव; लेखकाचे खरे नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १९४८, दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे. व्हिएतनाम युद्धातील दोन फेऱ्या, भौतिकशास्त्राची पदवी, नौदलासाठी अणु-अभियंत्याची नोकरी आणि मग लेखन, असा त्यांचा प्रवास. त्यांनी प्रकाशकांपुढे ठेवलेली कल्पना तीन खंडांची होती. प्रकाशकांना त्यांचा स्वभाव ठाऊक होता म्हणून करार सहा खंडांचा झाला. पहिला खंड 'द आय ऑफ द वर्ल्ड' जानेवारी १९९० मध्ये आणि दुसरा त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये निघाला. १९९४ पर्यंत दरवर्षी एक या गतीने सहा खंड झाले. कथा संपली नव्हती. ती रुंदावली होती. पुढचे खंड १९९६, १९९८, २०००, २००३ असे येत गेले. पृष्ठसंख्या त्या मानाने वाढली नाही, अंतर मात्र वाढले. हा तपशील नुसत्या सनावळीचा वाटेल, पण पुढील विवेचनाचा सारा भार त्यावर आहे.

मालेच्या विश्वरचनेत काळ चक्राकार आहे. सात युगे फिरून फिरून येतात, आरंभ आणि अंत असे काही नसते, आणि प्रत्येक खंडाच्या पहिल्या प्रकरणाचा प्रारंभ याच कल्पनेच्या उच्चाराने होतो : कोठेतरी वारा उठतो, तो काही आरंभ नव्हे, पण एक आरंभ आहे. भारतीय वाचकाला कालचक्राच्या आणि युगांच्या या कल्पनेचे मूळ सांगावे लागत नाही. जॉर्डन यांनीही ते लपवलेले नाही. मौज अशी की ज्या विश्वात काळाला शेवट नाही त्या विश्वातील कथेला शेवट देण्याचे वचन लेखकाने दिले होते. 'अखेरचे युद्ध' होणार हे पहिल्या खंडापासून सांगितलेले होते. चक्र आणि बाण अशा दोन परस्परविरोधी आकृत्या एकाच कथेत होत्या. आरंभीच्या खंडांत बाणाची गती प्रबळ होती. नंतर चक्र रुंद होत गेले.

ते रुंद कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. एकाच खेड्यातून निघालेली पाच-सहा तरुण पात्रे वेगवेगळ्या दिशांना पांगतात. प्रत्येकाभोवती एक दरबार, एक सैन्य, एक कारस्थान जमते. आणि लेखक प्रत्येकाच्या दृष्टिबिंदूतून आळीपाळीने निवेदन करतो. जितके दृष्टिबिंदू अधिक तितकी प्रत्येकाची पाळी उशिरा. सातव्या खंडाच्या शेवटाकडे मॅट नावाच्या, वाचकांच्या विशेष आवडत्या पात्रावर एक भिंत कोसळते. आठव्या खंडात तो कोठेच नाही. तो त्या भिंतीखालून वाचला की नाही हे कळायला १९९६च्या वाचकाला २००० साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. आठव्या खंडाच्या अखेरीस पेरिन या पात्राच्या पत्नीचे, फेलचे, अपहरण होते. तिची सुटका अकराव्या खंडात, म्हणजे सात वर्षांनी होते. कथेतील काळात हे सारे काही आठवड्यांचे प्रकरण आहे. कथाकाळ आणि वाचनकाळ यांतील ही तफावत हळूहळू वाढत होती, आणि वाचक ती सोसत होता, कारण खंडाच्या अखेरीस काहीतरी मोठे घडत असे.

नवव्या खंडाच्या अखेरीस जे घडते ते तर मालेतील सर्वांत मोठे कृत्य आहे. या विश्वात जादूची शक्ती दोन प्रकारची, स्त्रियांची आणि पुरुषांची. हजारो वर्षांपूर्वी पुरुषांच्या शक्तीला कलंक लागला आणि तेव्हापासून ती वापरणारा प्रत्येक पुरुष शेवटी वेडा होतो. नायक रँड हाही त्याच वाटेवर आहे. नवव्या खंडाच्या शेवटच्या प्रकरणात तो हा कलंक धुऊन काढतो. जगाच्या नैतिक व्यवस्थेचा पायाच हलावा असे हे कृत्य आहे : ज्या भयावर स्त्रियांच्या सत्तेची सारी संस्था उभी होती ते भयच नाहीसे झाले. खंड येथे संपतो. २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये हे वाचून पुस्तक मिटणाऱ्या वाचकाच्या मनात साहजिकच एकच प्रश्न होता : आता काय?

दहाव्या खंडाचे उत्तर सव्वीस महिन्यांनी आले, आणि ते उत्तर 'आता' या शब्दालाच नकार देणारे होते. सुमारे सातशे पृष्ठांच्या या खंडाचा मोठा भाग नवव्या खंडाचा शेवट घडत असतानाच्या, किंवा त्याच्या जरासा आधीच्या काळात घडतो. दूर दूर पसरलेली पात्रे क्षितिजावर शक्तीचा एक प्रचंड उद्रेक अनुभवतात. तो काय आहे हे त्यांना ठाऊक नसते. वाचकाला मात्र ठाऊक असते. मॅट एका फिरत्या सर्कशीबरोबर शत्रूच्या प्रदेशातून निसटू पाहतो आहे आणि पळवून आणलेल्या राजकन्येचे मन जिंकू पाहतो आहे. पेरिन पत्नीच्या शोधात छावणी टाकून बसला आहे. एलेन राजधानीत कोंडलेली असून सिंहासनासाठी सरदार घराण्यांची जमवाजमव करते आहे. एग्वेन वेढा घालून बसली आहे. आणि ज्याने कलंक धुतला तो रँड मोजक्याच पानांवर दिसतो. मालेतील हा एकच खंड असा की ज्यात बहुतेक प्रमुख पात्रे प्रारंभी जेथे असतात तेथेच, किंवा हाकेच्या अंतरावर, शेवटी असतात.

या रचनेमागे कल्पना नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. कल्पना होती आणि ती क्षुल्लकही नव्हती. इतिहासातील महान घटना तिच्या समकालीनांपर्यंत कशी पोहोचते? क्षितिजावरील उजेड म्हणून, अफवा म्हणून, डोक्यातील ठणका म्हणून. तिचा अर्थ त्यांना कळत नाही, तरी तिच्यावरून त्यांना निर्णय मात्र घ्यावे लागतात. एग्वेनच्या छावणीतील स्त्रिया त्या उद्रेकाचा अर्थ शत्रूचे नवे अस्त्र असा लावतात, आणि त्या भयापोटी आजवर ज्यांना त्या शत्रू मानत आल्या त्या पुरुषांशी संधान बांधण्याचा ठराव करतात. मुक्तीच्या घटनेला संकट समजून घेतलेला हा निर्णय, योग्य पण चुकीच्या कारणासाठी घेतलेला. या एका प्रसंगात जॉर्डन यांचा हेतू जवळजवळ पूर्णपणे सिद्ध झाला आहे. सारा खंड या पातळीवर राहिला असता तर आज त्याच्याविषयी वेगळेच लिहावे लागले असते.

एकाच काळात घडणाऱ्या घटना आळीपाळीने सांगण्याची रीत जुनी आहे. तेराव्या शतकातील फ्रेंच गद्य रोमान्समध्ये, विशेषतः लान्सलॉटच्या चक्रात, एका सरदाराची कथा अर्ध्यावर सोडून दुसऱ्याची उचलायची आणि मग पुन्हा मागे यायचे, ही गुंफण पूर्णत्वाला पोहोचली होती. टोल्कीन यांनी तीच उचलली. 'द टू टॉवर्स'च्या पहिल्या अर्ध्या भागात फ्रोडो कोठेच नाही. दुसरा अर्धा भाग काळात मागे जाऊन त्याचीच कथा सांगतो. वाचक मागे जातो, पण ज्या गोष्टीकडे जातो ती त्याला अज्ञात असते. मागे जाणे ही येथे नव्या माहितीची किंमत आहे, आणि ती वसूल होते.

याहूनही धाडसी रचना भारतीय वाचकाच्या घरातली आहे. भीष्मपर्वात युद्धवर्णनाच्या आरंभी संजय रणांगणावरून येतो आणि भीष्म पडले हे धृतराष्ट्राला आधी सांगतो. मग दहा दिवसांच्या युद्धाची हकीकत पहिल्यापासून सुरू होते. द्रोण आणि कर्ण यांच्या बाबतीतही तसेच. निष्कर्ष अगोदर, घटना नंतर. तरीही कंटाळा येत नाही, कारण ऐकणारा बाप आहे आणि 'हे कसे झाले' हा त्याचा प्रश्न 'पुढे काय झाले' यापेक्षा खोल आहे. मागे वळणाऱ्या निवेदनाला असा एक प्रश्न लागतो. दहाव्या खंडात मागे वळून पाहताना 'कसे' हा प्रश्नच शिल्लक नाही. कलंक कसा धुतला गेला हे वाचकाने नवव्या खंडात प्रत्यक्ष पाहिले आहे. उरतो तो फक्त पात्रांचा अज्ञानाचा अवकाश. अशा अज्ञानावर एखादे प्रकरण उभे राहते, दोन राहतात. सातशे पृष्ठे राहत नाहीत.

वोल्फगांग ईझर यांनी हप्त्याहप्त्याने छापल्या गेलेल्या एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे : डिकन्सची कादंबरी हप्त्यांनी वाचणाऱ्याला ती पुस्तकरूपाने वाचणाऱ्यापेक्षा अधिक आवडत असे. हप्त्यांमधील खंड वाचकाच्या कल्पनाशक्तीला कामाला लावतो, पात्रांच्या पुढच्या वाटचालीत तो सहभागी होतो, आणि म्हणून संहिता अधिक जिवंत होते. जॉर्डन यांच्या दहाव्या खंडाच्या बाबतीत हे निरीक्षण बरोबर उलटे होते. माला पूर्ण झाल्यानंतर सर्व खंड हाताशी ठेवून वाचणाऱ्यांना हा खंड संथ वाटतो, पण त्याचा राग येत नाही. एक खंड मिटवून ते दुसरा उघडतात. राग आला तो २००३ साली, वाट पाहिलेल्या वाचकांना.

या उलथापालथीचे कारण काळाच्या मापात आहे. डिकन्सचा वाचक आठवडा किंवा महिना थांबे. त्या अवधीत कल्पना उत्तेजित होते, पण पक्की होत नाही. सव्वीस महिन्यांत ती पक्की होते. कलंक धुतल्याची बातमी कोणाला कशी कळेल, कोण विश्वास ठेवेल, कोण ठेवणार नाही, वेडाच्या छायेत जगणाऱ्या पुरुषांचे काय होईल, या साऱ्याची उत्तरे वाचकांनी स्वतःच तयार करून ठेवली होती. इंटरनेटमुळे ती एकमेकांशी ताडूनही पाहिली होती. संहिता आली तेव्हा ती वाचकाच्या मागे होती. नेहमी संहिता पुढे असते आणि वाचक तिला गाठतो. येथे वाचक पुढे जाऊन उभा होता आणि संहिता त्याला सोडून आलेल्या जागेवरच फिरत होती. पात्रे वाट पाहत होती आणि वाचकही वाट पाहत होता, पण या दोन प्रतीक्षांचा विषय एक नव्हता. म्हणूनच पात्रांची प्रतीक्षा वाचकाला आपली वाटली नाही. ती त्याला आपल्या प्रतीक्षेची थट्टा वाटली.

या रिकाम्या काळात लेखकाने भरले काय? वर्णने. वेशभूषा, गालिचे, चहाचे पेले, हिवाळ्यातील चिखल, स्नानाची तयारी. एलेनच्या प्रकरणांत तिचे स्नान, तिचे गरोदरपण, त्यापायी तिच्यावर लादलेले पथ्य यांना जेवढी जागा मिळाली आहे तेवढी वारसायुद्धाला मिळालेली नाही. वर्णनाची ही हौस जॉर्डन यांची आरंभापासूनची. पहिल्या खंडात ती विश्व उभे करत होती. खेडे, सराय, शहर ही वाचकाला नवी होती. दहाव्या खंडात विश्व उभे राहून वर्षे झाली होती. तेच तंत्र आता बांधणीचे काम सोडून विलंबाचे काम करू लागले. तंत्र बदलले नाही, त्याचे कार्य बदलले. संरचनावादी समीक्षेला परिचित असलेला हा प्रकार येथे पाठ्यपुस्तकातील उदाहरणासारखा दिसतो.

तरीही या खंडात दोन-तीन ठिकाणी लेखणी पूर्वीच्या ताकदीने चालली आहे, आणि ती ठिकाणे पेरिनच्या कथासूत्रात आहेत. सैन्यासाठी धान्य विकत घ्यायला तो सो हाबोर नावाच्या गावी जातो. कोठारे भरलेली आहेत, पण धान्याला कीड लागली आहे. माणसे मळकी, भेदरलेली, कारण गावात मेलेली माणसे हिंडताना दिसतात. कडाक्याच्या थंडीत ते किडके धान्य उघड्यावर उफणून घ्यावे लागते. जगाचा अंत जवळ आल्याचे भविष्य मालेत वारंवार ऐकू येते. येथे तो अंत धान्याच्या पोत्यात दिसतो. त्यानंतर काही पानांनी पेरिन पत्नीचा ठावठिकाणा काढण्यासाठी एका कैद्याचा हात स्वतःच्या कुऱ्हाडीने तोडतो, मग ती कुऱ्हाड एका झाडाच्या बुंध्यात रुतवतो आणि तेथेच सोडून निघून जातो.

या कुऱ्हाडीला इतिहास आहे. १९९०च्या पहिल्या खंडात एका वाटाड्याने पेरिनला बजावले होते की जोवर या हत्याराचा तुला तिटकारा आहे तोवर ते जवळ ठेव, तिटकारा संपेल त्या दिवशी फेकून दे. ते वाक्य तेरा वर्षे संहितेत पडून होते. कोणी त्याची वाट पाहत नव्हते, आणि म्हणूनच ते फळाला आले तेव्हा पूर्ण अर्थानिशी आले. दीर्घ मालिकेला जे साधते आणि एकखंडी कादंबरीला सहसा साधत नाही, ते हे आहे : वाचकाच्या आयुष्यातील प्रत्यक्ष वर्षे एका प्रतिमेच्या पाठीमागे उभी करणे. मालिकेच्या घाटातील सर्वोत्तम शक्यता आणि सर्वांत वाईट परिणाम एकाच खंडात, एकमेकांना लागून सापडावेत, हे या खंडाचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

बाजाराचा भाग थोडक्यात सांगता येईल. खंडाची प्रस्तावनाकथा पुस्तकापूर्वीच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात स्वतंत्रपणे विकली गेली. नवव्या खंडाबाबतही तसेच झाले होते. प्रतीक्षा ही विकता येण्याजोगी वस्तू झाली होती याचा याहून उघड पुरावा नको. नंतर २००४ मध्ये मुख्य कथा पुढे नेण्याऐवजी पूर्वकथेचा छोटा खंड निघाला, त्याने रोष वाढलाच. मात्र हा दोष एका लेखकाचा किंवा एका प्रकाशनसंस्थेचा नव्हता. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालेचा चौथा खंड २००५ मध्ये आला तो निम्मी पात्रे वगळून. वाढलेले हस्तलिखित त्यांनी काळाच्या आधारे न विभागता पात्रांच्या आधारे विभागले होते. उरलेल्या पात्रांची त्याच काळातील कथा सांगणारा पाचवा खंड २०११ साली आला. घाट तोच, पेच तोच. अनेक दृष्टिबिंदूंची महाकथा एका मर्यादेनंतर पुढे सरकण्याऐवजी आडवी पसरते, आणि आडव्या पसरलेल्या कथेला खंडाची सीमारेषा कोठे काढावी हे कळेनासे होते.

दहाव्या खंडातील काळरचनेचा प्रयोग आपल्याला हवा तसा उतरला नाही, हे जॉर्डन यांनी पुढे मान्य केले. ऑक्टोबर २००५ मधील अकरावा खंड 'नाइफ ऑफ ड्रीम्स' हा त्या कबुलीचा पुरावा म्हणून वाचता येतो. फेलची सुटका, मॅटचा विवाह, एलेनचे सिंहासन, रँडचा हात गमावणे : जे वर्षानुवर्षे अडले होते ते एका खंडात मोकळे झाले. माला आता एकाच खंडात संपेल असे त्यांनी जाहीर केले. २००६च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्या आजाराची, हृदयाला ग्रासणाऱ्या अमायलॉइडोसिसची, वार्ता वाचकांना दिली. १६ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले. वय एकोणसाठ पुरे व्हायला महिना उरला होता.

या तारखा दहाव्या खंडाच्या वाचनावर मागाहून सावली टाकतात आणि ती पुसता येत नाही. २००३ साली वाचक आपल्या दोन वर्षांचा हिशेब मागत होता. ती वर्षे लेखकाचीही होती आणि त्याच्याकडे फारशी उरलेली नव्हती, हे तेव्हा कोणालाच, त्यालाही, ठाऊक नव्हते. खंड याने अधिक चांगला ठरत नाही. सहानुभूती हे वाङ्मयीन मूल्य नव्हे. परंतु मालिकारूप वाङ्मयाची समीक्षा करताना लेखकाचे आयुर्मान ही बाब चरित्राच्या कप्प्यात ढकलून देता येत नाही. ज्या घाटाला पुरे होण्यासाठी वीस-तेवीस वर्षे लागतात त्या घाटाच्या रचनेतच ती सामील असते. बाणभट्टाची 'कादंबरी' अर्धी राहिली आणि त्याच्या पुत्राने ती पुरी केली. ज्या कृतीवरून मराठीने या वाङ्मयप्रकाराला नाव दिले तीच मुळी अशी दोन हातांची आहे, हे सहसा आठवले जात नाही.

जॉर्डन यांच्या पत्नी आणि मालेच्या संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी पुढील काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवले. टिपणे, ध्वनिमुद्रिते आणि काही पूर्ण प्रसंग हाती होते. एका खंडाचे तीन झाले. ते २००९, २०१० आणि २०१३ मध्ये निघाले. सँडरसन यांची शैली वेगळी आहे, वाक्ये आखूड, गती अधिक. जॉर्डन यांच्या दमदार, वळणे घेत जाणाऱ्या गद्याची सवय झालेल्या वाचकाला ती खटकते. पण काळ पुढे सरकत राहतो.

शेवटचा प्रसंग मात्र जॉर्डन यांनीच लिहून ठेवला होता. मालेचा अखेरचा देखावा आपल्याला आरंभापासून दिसत आहे, असे ते नेहमी सांगत. म्हणजे २००३ साली वाचक ज्याची वाट पाहत होते ते टोक लेखकाच्या मनात पूर्वीच निश्चित होते. अडले होते ते मधले. 'अ मेमरी ऑफ लाइट' हा चौदावा खंड ८ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'नंतर बरोबर दहा वर्षे आणि एका दिवसाने, वाचकांच्या हाती आला. त्याच्या अखेरच्या पानांत मूळ लेखकाचे गद्य पुन्हा एकदा, संथपणे, सुरू होते.